खिशातली तसबीर

"मावशी, शुक्रवारी संध्याकाळी कुठे जाऊ नकोस. नाटकाची तिकिटं काढलीत. विनोदी आहे, भरपूर गाणी आहेत आणि मुख्य पात्र प्रेत आहे."

हाउन्स्लोला भाचीच्या स्वयंपाकघरात मी मटार सोलत बसले होते. म्हटलं, "प्रेत विंगेत ठेवून आपल्याकडेही खूप हसवलंय लोकांनी. पण त्याला गाणी कुणी दिली नव्हती बाई."

"प्रेत नाही गं गात. बाकीचे गातात."

नाटकाचं नाव 'ऑपरेशन मिन्समीट'. मिन्समीट म्हणजे सरळ भाषेत खिमा. नाताळात पायमध्ये भरतात ते गोड सारणही त्याच नावाचं, पण सैन्याच्या मोहिमेला दिल्यावर खिमाच आठवतो. नाव नाटककारांनी काढलेलं नाही. १९४३ साली ब्रिटिश हेरखात्याने खरोखरच एका मोहिमेला हे नाव दिलं होतं, आणि त्या मोहिमेत खरोखरच एक प्रेत होतं. नाटकात जे सगळ्यात अशक्य वाटतं तेच बहुतेक खरं घडलेलं आहे, हे मला नंतर कळलं. त्या शुक्रवारी मी पाटी कोरी ठेवून गेले होते.

कॉव्हेंट गार्डनच्या भुयारी स्टेशनातून वर यायला लिफ्ट आहे, आणि १९३ पायऱ्यांचा गोल जिनाही आहे. लिफ्टपाशी गर्दी बघून भाचीने जिना सुचवला. शंभराच्या पुढे मी मोजणं सोडलं. वर आल्यावर दम खायला थांबले ती नेमकी बाजाराच्या चौकात, आणि समोर सेंट पॉल चर्चचे जाडजूड खांब. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलं विकणारी पोरगी पावसात आडोशाला उभी राहते ती याच खांबांपाशी. पुलंनी १९७५मध्ये तिला मराठीत आणली, भक्ती बर्वेंनी तिला आवाज दिला, आणि 'ती फुलराणी' आपल्याकडची होऊन गेली. मी खांबाला हात लावून घेतला. भाचीने फोटो काढला आणि म्हणाली, "चल आता, घंटा होईल."

पण हा सगळा परिसरच मराठी नाटकवाल्याला चालू देत नाही. इथून दहा-पंधरा मिनिटांवर लिंकन्स इन फील्ड्स. तिथल्या थिएटरात १७२८ साली जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' पहिल्यांदा झाला. चोर, भिकारी आणि वेश्यांच्या तोंडी गाणी घालून त्याने राज्यकर्त्यांची टिंगल केली. दोनशे वर्षांनी ब्रेख्तने ते उचललं, आणि ब्रेख्तकडून पुलंनी घेतलं तेव्हा १९७८मध्ये थिएटर अकॅडमीचा 'तीन पैशाचा तमाशा' झाला. दुसऱ्या बाजूला दोन गल्ल्या ओलांडल्या की ड्रुरी लेनचं भलंथोरलं थिएटर. आजची इमारत १८१२ची, पण त्याच जागेवरच्या आधीच्या इमारतीत १७६१च्या उन्हाळ्यात आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' लागलं होतं. मर्फीने कथा घेतली होती मोलिएरची. मर्फीवरून आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं, पुढे त्यात पदं घातली आणि ते झालं 'संगीत संशयकल्लोळ'. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणलं तेव्हा देवल जाऊन काही महिने झाले होते. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती.

म्हणजे मराठीतली सगळ्यात लाडकी संगीत कॉमेडी या रस्त्यावरून निघून सांगली-पुण्याकडे आली. आणि ड्रुरी लेनच्या त्या अवाढव्य भिंतीसमोर, रसेल स्ट्रीटच्या पलीकडे, एक चिमुकलं थिएटर अंग चोरून उभं आहे. तेच आमचं: फॉर्च्यून.

फॉर्च्यून १९२४ सालचं. आत ४३२ खुर्च्या. दादरच्या शिवाजी मंदिरची सवय असलेल्या माणसाला आत शिरल्यावर आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात आलो की काय असं वाटतं. वरच्या मजल्यावरून खाली वाकलं तर नटाच्या भांगातली रेघ दिसावी इतकं सगळं जवळ. इथे १९८९पासून २०२३पर्यंत एकच नाटक चाललं, 'द वुमन इन ब्लॅक', भुताचं. चौतीस वर्षं लोकांना घाबरवून ते गेलं, आणि भुताच्या जागी प्रेत आलं.

हे दुसरं नाटक मात्र सरळ इथे आलं नाही. चार मित्रमैत्रिणींनी मिळून ते रचलं: डेव्हिड कमिंग, फेलिक्स हेगन, नताशा हॉजसन, झोई रॉबर्ट्स. संस्थेचं नाव 'स्पिटलिप'. २०१९मध्ये न्यू डायोरामा नावाच्या ऐंशी खुर्च्यांच्या जागेत पहिला प्रयोग. आपल्या छबिलदासची आठवण व्हावी असाच तो मामला. तिथून थोडी मोठी जागा, मग आणखी थोडी मोठी, मध्ये करोना, प्रत्येक मुक्कामाला काटछाट, आणि २०२३च्या वसंतात वेस्ट एंडला. पुढच्याच वर्षी नव्या संगीतिकेचा ऑलिव्हिए पुरस्कार. २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. मूळ संच तिकडे गेल्यामुळे आम्ही पाहिला तो लंडनचा नंतरचा संच. रचणाऱ्यांपैकी तिघं स्वतःच त्यात भूमिका करायची, हे ऐकून मला बरं वाटलं. लिहिणाऱ्याच्या जिभेवर वाक्य घासलेलं असलं की ते वेगळं पडतं.

आधी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

१९४३च्या वसंतात दोस्तसैन्य उत्तर आफ्रिकेत जिंकत आलं होतं. पुढची उडी सिसिलीवर, हे नकाशा बघणाऱ्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. मग जर्मनांना कसं कळू द्यायचं नाही? हेरखात्यातल्या दोघांनी डोकं लढवलं. एक इवेन माँटॅग्यू, नौदलाकडचा, पेशाने वकील. दुसरा हवाई दलातला चार्ल्स चमली. (या गृहस्थाचं आडनाव इंग्रजीत बारा अक्षरं लिहून 'चमली' असं उच्चारायचं असतं. नाटकात यावर विनोद नसता तर मीच केला असता.) कल्पना अशी: एका बेवारस प्रेताला सैनिकी अधिकाऱ्याचा गणवेश चढवायचा, कोटाच्या पट्ट्याला कागदपत्रांची बॅग बांधायची, बॅगेत बड्या सेनापतीचं खासगी पत्र, त्यात हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असल्याचा सहज जाता जाता उल्लेख. मग पाणबुडीने नेऊन स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडायचं. विमान पडून मेलेला निरोप्या वाहत आला असं वाटावं. स्पेन नावापुरता तटस्थ. पत्र जर्मनांच्या हाती पोचणार याची खात्री.

पत्र खोटं लिहिणं सोपं होतं. माणूस खोटा उभा करणं अवघड. त्याला नाव दिलं मेजर विल्यम मार्टिन. पण नुसत्या नावावर कोण विश्वास ठेवतो? माणूस खरा वाटतो तो त्याच्या खिशातल्या कचऱ्यावरून. म्हणून त्याच्या खिशात एकेक वस्तू जमा झाली. किल्ल्या. बाँड स्ट्रीटच्या सराफाकडून घेतलेल्या वाङ्निश्चयाच्या अंगठीचं बिल. ७९ पौंड १९ शिलिंग २ पेन्सची उचल झाली आहे, ताबडतोब भरा, असं बँकेचं खरमरीत पत्र. (अंगठीचं बिल आणि बँकेचं पत्र शेजारीशेजारी ठेवणारा माणूस हेर नसता तर फर्मास कथालेखक झाला असता.) 'पॅम' नावाच्या वाग्दत्त वधूची दोन प्रेमपत्रं. आणि तिचा फोटो. पॅम नव्हतीच. फोटो खात्यातल्या जीन लेस्ली नावाच्या तरुण मुलीचा, पोहण्याच्या पोशाखातला.

इथे मी खुर्चीत ताठ झाले. फोटो! खिशातली तसबीर! 'संशयकल्लोळ'चा सगळा घोटाळा एका तसबिरीवरून. रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तिच्या हातून प्रियकर अश्विनशेटची तसबीर पडते, ती फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिच्या हाती लागते आणि मग चार माणसं चार दिशांनी एकमेकांवर आळ घेत सुटतात. तसबीर खरी, संबंध खरा, फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात किडा. समोरच्या थिएटरात १७६१मध्ये लोक यावर हसले. आता इकडे, रस्त्याच्या अलीकडे, उलटा खेळ चालू होता. तसबीर खोटी, प्रेयसी खोटी, मेजर खोटा, आणि सगळी धडपड अशी की बघणाऱ्याच्या मनात संशयाचा किडा येऊच नये. फाल्गुनरावाने जर्मन हेरखात्यात नोकरी धरली असती तर दोस्तांची धडगत नव्हती.

आता नाटक. मंचावर पाच माणसं. पाचांत मिळून ब्याऐंशी भूमिका. हे आकडे ऐकायला कसरतीसारखे वाटतात, आणि पहिली दहा मिनिटं ती कसरतच वाटते. टोपी फिरवली की खलाशी, चष्मा चढवला की अधिकारी, खांदा पाडला की कारकून. माँटॅग्यू करते ती बाई. रुबाबदार, गोडबोली, जग आपल्या बापाचं आहे अशा ऐटीत चालणारी. आणि ती बाई असल्यामुळेच त्या पुरुषी ऐटीचा फुगा दिसतो. पहिलंच गाणं उमरावांच्या शाळेत शिकलेल्या या पोरांचं आहे. आपण राज्य करायलाच जन्मलो, अक्कल असो वा नसो, असा त्याचा सूर. हा विनोद वरच्यांवर आहे हे पहिल्या गाण्यातच ठरून जातं, आणि प्रेताच्या नाटकात ते ठरणं गरजेचं होतं. प्रेतावर कुणी हसत नाही. प्रेत हलवणाऱ्यांवर सगळे हसतात.

गाणी पळतात. हे मला जड गेलं, सांगून टाकते. आपलं नाट्यपद गोष्ट थांबवून बसतं. ताना घेतं, वन्समोअर घेतं, कथेतल्या माणसाने तोवर तिथेच उभं राहायचं. इथे गाण्यातच गोष्ट पुढे सरकते. गाणं सुरू होताना योजना कागदावर असते, संपताना तिला मंजुरी मिळालेली असते, मध्ये दोन भांडणं आणि एक गैरसमज. शब्द इतक्या झपाट्याने येतात की डोंबिवली फास्टला सायन आणि विद्याविहार दिसून न दिसल्यासारखं होतं. रॅपच्या ढंगातल्या जागा मला निम्म्याच कळल्या. शेजारची भाची हसली की आपण काहीतरी चुकवलं एवढं समजायचं.

आणि एक-दोन विनोद पाणी घालून वाढवले आहेत. जेम्स बाँड लिहिणारा इयन फ्लेमिंग तेव्हा नौदलाच्या हेरखात्यात होता, हे खरं. तो मंचावर येऊन आपल्या भावी कादंबरीचं काहीतरी बोलतो. पहिल्यांदा मीही खळखळून हसले. नंतर तो आला की आता हे येणार, हे आधीच कळायला लागलं.

पण मग हेस्टर आली.

हेस्टर लेगॅट ही खात्यातल्या टंकलेखिका आणि कारकून मुलींची वरिष्ठ. करड्या आवाजाची, शिस्तीची, केसांचा घट्ट बुचडा असावा अशी. त्या रात्री ती भूमिका पुरुष नट करत होता. मूळ संचात जॅक मलोन करायचा, त्याला याच भूमिकेसाठी लंडनमध्ये ऑलिव्हिए आणि न्यूयॉर्कमध्ये टोनी मिळाला. एका प्रसंगापर्यंत हेस्टर आली की लोक हसत होते. पुरुष बाई झालाय याला नव्हे, तिच्या खाष्टपणाला. प्रसंग असा: मेजर मार्टिनच्या खिशात ठेवायचं प्रेमपत्र लिहायचंय. तरुण जीन काहीतरी सिनेमातल्यासारखं, भरजरी लिहू बघते. हेस्टर म्हणते, असं नसतं लिहायचं. आणि ती सांगायला लागते.

ते गाणं मी इथे सांगणार नाही, सांगताही येणार नाही. त्यात फार काही घडत नाही. घरातलं, बागेतलं, हवापाण्याचं, कोण काय म्हणालं त्याचं. लढाईवर गेलेल्या माणसाला मागे राहिलेली बाई जे लिहील ते. प्रेमाचा शब्द टाळून टाळून लिहिलेलं. चाल साधी, साथ थोडी, हालचाल जवळजवळ नाहीच. नटाने आवाज बायकी केला नव्हता. हात मांडीवर, बोटं एकमेकांत, आणि एकदा फक्त उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या हाताचं अनामिकेचं पेर चोळलं. तिथे अंगठी नव्हती. तिसऱ्या कडव्याच्या आसपास आपल्याला हळूच उमगतं की ही बाई खोटं पत्र रचत नाहीये. हे पत्र तिने पूर्वी कधीतरी, आधीच्या महायुद्धात, खऱ्या माणसाला लिहिलेलं आहे. उत्तर आलं नाही.

थिएटरात खोकला नाही, वेष्टनाचा आवाज नाही. संध्याकाळभर लोकलसारखी धावणारी गाणी, आणि हे एकच स्टेशनात उभं राहिलेलं. गोष्ट थांबवून बसलेलं. म्हटलं तर ते नाट्यपदच. मला बालगंधर्व आठवले, आणि मी त्यांना पाहिलेलं नसताना ते आठवले, हे नीट सांगायला हवं. आमच्या घरी आजी त्यांच्याविषयी बोलायची ती 'ते बाई होऊन किती सुंदर दिसत' एवढ्यावर थांबायची नाही. ती म्हणायची, "ते बाईसारखे बसायचे." बसणं हा शब्द मला तेव्हा कळला नव्हता. फॉर्च्यूनच्या वरच्या मजल्यावर कळला.

गाणं संपल्यावर टाळ्यांना एक श्वासभर उशीर झाला. तोंडात 'वन्समोअर' आला होता. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी गिळला.

या हेस्टरची आणखी एक गोष्ट. इतिहासाच्या पुस्तकांतून ती अर्ध्या वाक्यापुरतीच यायची, त्यातही आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ. नाटकाच्या चाहत्यांना, तरुण मुलामुलींना, ते सोसलं नाही. ते जुन्या नोंदी धुंडाळायला बसले, खरं आडनाव शोधून काढलं, ती प्रत्यक्षात कोण होती ते जुळवलं, आणि २०२३च्या डिसेंबरात फॉर्च्यून थिएटरला तिच्या नावाची पाटी लागली. नाटक आवडलं म्हणून सेल्फी काढणारे मी खूप पाहिलेत. नाटक आवडलं म्हणून दप्तरखान्यात बसणारे पहिल्यांदाच ऐकले.

मध्यंतरात मला सवयीने बटाटेवड्याचा वास शोधावासा वाटला. इथे पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यातलं आइस्क्रीम, चमचा झाकणात दडवलेला. लोक ते आपापल्या खुर्चीत बसून खातात. भाची म्हणाली, "तुला ठाऊक आहे का, त्या खऱ्या प्रेताच्या खिशात नाटकाची तिकिटं होती?"

होती. हे तिने मला मध्यंतरात सांगितलं, त्यामुळे नाटकाचा दुसरा अंक मी अर्ध्या लक्षाने पाहिला. मेजर मार्टिन मरण्याआधी लंडनमध्ये होता हे पटावं म्हणून त्याच्या खिशात दोन फाडलेली तिकिटं ठेवली होती. प्रिन्स ऑफ वेल्स थिएटर, २२ एप्रिल १९४३. खेळ 'स्ट्राइक अ न्यू नोट', गाणी, नाच आणि नकलांचा. सिड फील्ड नावाच्या विनोदी नटाचा. त्याच मार्चमध्ये लागलेला, म्हणजे नवाकोरा. माँटॅग्यूने चार तिकिटं ओळीने काढली, मधल्या दोहोंचे तुकडे फाडून मेजरच्या खिशात गेले. प्रेत घेऊन निघालेली 'सेराफ' पाणबुडी १९ एप्रिलला स्कॉटलंडहून सुटली होती. २२ तारीख उजाडली तेव्हा मेजर बर्फासकट पत्र्याच्या नळकांड्यात होता, वर लिहिलेलं 'दृष्टिउपकरणे'. आणि इकडे माँटॅग्यू, चमली, फोटोतली जीन आणि तिची एक मैत्रीण त्या चार खुर्च्यांवर बसून सिड फील्डला हसत होते.

नव्या विनोदी संगीत खेळाला गेलेल्या लोकांची याहून विचित्र रात्र माझ्या ऐकण्यात नाही. प्रिन्स ऑफ वेल्स आजही चालू आहे, फॉर्च्यूनपासून पायी फार तर पंधरा मिनिटं. २०१३पासून तिथे 'द बुक ऑफ मॉर्मन' चाललंय. तेही विनोदी संगीतच.

नाटकवाल्यांनी या रात्रीचा पुरेपूर उपयोग केलाय. एकीकडे लंडनच्या क्लबात यांचा जल्लोष, पेले, नाच. दुसरीकडे तेच पाच नट क्षणात पाणबुडीतले खलाशी होऊन काळोखात खालच्या पट्टीत गातात. आपण काय नेतोय हे त्या पोरांना ठाऊक नाही. टोप्या बदलतात, उजेड बदलतो, माणसं तीच. नाचणारा हात वल्हं मारायला लागतो. संगीत एका ठेक्यातून दुसऱ्यात सरकतं तेव्हा सांधा दिसत नाही. गाणी रचणाऱ्यांचं कसब मला इथे खरं दिसलं, रॅपमध्ये नाही.

दुसरा अंक उघडतो तो नाझींच्या पॉप गाण्याने. बूट, दिवे, कंबर, सगळं. लोक ठेक्यावर मान हलवतात आणि मग आपण कशावर मान हलवतोय ते ध्यानात येऊन थबकतात. टाळ्या वाजवायच्या की नाही याचा गोंधळ मी माझ्याच रांगेत पाहिला. एक आजोबा दोन टाळ्या देऊन थांबले, हात मांडीखाली घेतले. पुढे स्पेनमधल्या गडबडी आहेत, बॅग जर्मनांकडे जावी म्हणून आटापिटा करणारा ब्रिटिश उपवाणिज्यदूत आहे. हा भाग थोडा पसरतो. प्रत्यक्षातलेच तपशील याहून धमाल होते. गोठलेल्या पायांत बूट चढेनात म्हणून विजेच्या शेगडीवर पाय शेकावे लागले. ओळखपत्रासाठी प्रेताचा फोटो काढला तर तो, साहजिकच, प्रेताचाच आला. शेवटी तोंडावळा जुळणारा जिवंत अधिकारी शोधावा लागला. आतले कपडे रेशनच्या कुपनाशिवाय मिळेनात, म्हणून ऑक्सफर्डच्या एका दिवंगत प्राचार्यांचे वापरले.

डाव साधला. १० जुलै १९४३ला दोस्तसैन्य सिसिलीत उतरलं तेव्हा हिटलरचं लक्ष ग्रीसकडे होतं. फ्रान्समधली एक रणगाडा डिव्हिजन त्याने तिकडे हलवली होती. हजारोंचे प्राण वाचले असं नाटक सांगतं, इतिहासकारही सांगतात.

आणि मग नाटक झगमगाटात शेवटाकडे जाता जाता अडखळतं. मुद्दाम. तो मेलेला माणूस कोण होता?

ग्लिंडोर मायकेल. वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावचा, चौतीस वर्षांचा, घरदार नसलेला. जानेवारी १९४३मध्ये लंडनला किंग्ज क्रॉसजवळच्या एका ओसाड गुदामात सापडला. उंदराचं विष पोटात गेलं होतं. घरच्यांना कुणी विचारलं नाही. स्पेनमध्ये उएल्व्हाच्या कबरस्तानात सैनिकी इतमामाने पुरलं ते मेजर मार्टिनला. पन्नासहून अधिक वर्षं दगडावर तेच नाव होतं. १९९६मध्ये एका हौशी इतिहाससंशोधकाने जुन्या कागदांतून खरं नाव बाहेर काढलं आणि १९९८मध्ये त्याच दगडावर खाली एक ओळ वाढवली गेली. दोन तास टोप्या आणि मिशा बदलणारी पाच माणसं टोप्या काढून उभी राहिली तेव्हा मला वाटलं आता हे भाषण करणार. केलं नाही. नाव घेतलं.

माझं मन मात्र तिथे थांबलं नाही, त्याला मी काय करू. १० जुलै ही तारीख माझ्या ओळखीची होती. महाडला जायच्या वाटेवर माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. लहानपणी गाडी थांबली की वडील तो दाखवायचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, वय बावीस. सिसिलीनंतर लढाई इटलीत शिरली आणि तिथे आपल्या पलटणी होत्या. तिबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनने त्यांची तुकडी कापून काढली. घाडगे एकटेच ठाण्यावर धावून गेले, बाँब फेकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तारीख १० जुलै १९४४. सिसिलीत पाय ठेवल्याला बरोबर एक वर्ष. त्यांची कबर सापडत नाही. नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकभिंतीवर. तिकडे उएल्व्हाला कबर होती आणि नाव नव्हतं.

बाहेर आलो तर रसेल स्ट्रीटवर ओल होती, पाऊस येऊन गेलेला. मंचामागच्या दारापाशी पोरं कोंडाळं करून उभी, काहींनी हेस्टरसारखे करडे स्वेटर घातलेले. मी पर्समध्ये तिकीट शोधलं. नाटकाचं तिकीट जपून ठेवायची मला खोड आहे. घरी डब्यात १९८०पासूनची आहेत, फाडलेली, पिवळी पडलेली, काहींवर तेलाचे डाग. भाचीने फोन वर धरला. "यात आहे मावशी. चौकोनी नक्षी. तुला पाठवते."

"ती माझ्या खिशात सापडली तर कुणाला काय कळणार गं?"

"मावशी!"

ड्रुरी लेनच्या भिंतीवरून तिला मी मर्फीचं सांगितलं, देवलांचं सांगितलं. 'संशयकल्लोळ' तिने पाहिलेलं नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२पासूनचं ते, नाटकं होतात. पण हे तिच्या वाट्याला आलेलं नाही. मग कॉव्हेंट गार्डनच्या फलाटावर गोष्ट सुरू केली. रेवतीला भोवळ आली तेव्हा गाडी आली. ग्रीन पार्कला तसबीर पडली. हॅमरस्मिथपर्यंत कृत्तिकेचा आणि फाल्गुनरावाचा एकमेकांवर आळ घेऊन झाला होता, आणि समोर बसलेल्या, सूट घातलेल्या गृहस्थाने कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. त्याला मराठी येत नसावं. पण मी फाल्गुनरावाचा आवाज काढत होते.

"म्हणजे कुणीच काही केलेलंच नाही?" भाचीने विचारलं.

"कुणीच नाही."

"आणि एवढं सगळं एका फोटोवरून?"

"तसबिरीवरून. पुढे ऐक. इथे भादव्या येतो—"

आणि तेवढ्यात हाउन्स्लो ईस्ट आलं.